अंगठा बाहेर

३ फेब्रुवारी

माझ्या भिंगरीला,

आधी आजीकडून दोन्ही गालांचे मुके घे आणि मगच पुढचं वाच. तुझं पत्र काल दुपारी आलं. पत्र कसलं, चार ओळींची चिठ्ठी ती. "मी मजेत आहे, बस मजेत आहे, काळजी करू नकोस." बस मजेत आहे हे ऐकून तुझ्या आजोबांना फार बरं वाटलं. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्यांना नातीच्या आधी बसची खुशाली लागते. मला मात्र तुझं अक्षर बघून काही बरं वाटलं नाही. एरवी तुझं अक्षर कसं, दोरी लावून रोपं लावल्यासारखं. ह्या चिठ्ठीत एकेक अक्षर भिंतीला धरून चाललंय. वर लिहितेस, चालत्या बसमध्ये लिहिलं म्हणून हललं. अगं, बस तूच चालवतेस ना? मग चालत्या बसमध्ये पत्र कोण लिहीत होतं? मी शाळेत दोनच वर्षं गेले, तिसऱ्या वर्षी भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला मला घरी बसवलं. पण नातीचं खोटं ओळखायला शाळा लागत नाही.

फोन कर म्हणतेस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं मी मनाचं घालते आणि मग तुझी मावशी माझ्याशी भांडते. त्यापेक्षा पत्र बरं. दोनदा वाचता येतं, शिवाय ह्यांना मोठ्याने वाचून दाखवता येतं.

बाकी इकडे ठीक. शेजारच्या शिंपीणबाईंनी नवी कात्री घेतली. ती इतकी धारदार निघाली की पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या सदऱ्याबरोबर त्यांनी स्वतःची बाही पण कापली. आता दोन्ही फुकट शिवतायत.

खरं काय ते लिही. आणि आजोबा विचारतायत, ब्रेक कसे आहेत?

तुझ्या अक्षराच्या काळजीत,
आजी


८ फेब्रुवारी

प्रिय आजी,

पकडलंस. हे मी डाव्या हाताने लिहितेय, उजव्या अंगठ्याला प्लास्टर आहे. घाबरू नकोस.

गेल्या महिन्यात बाजाराच्या चौकात बस वळवत होते. घरोघरी पार्सलं पोचवणारा एक मोटरसायकलवाला मध्येच शिरला आणि बाजूने माझ्या पुढच्या चाकावर आदळला. तो उडाला तो थेट कांद्याच्या पोत्यांवर. साधं खरचटलंसुद्धा नाही, फक्त एक बूट सापडला नाही. बसला एक चरा. मोडलं ते एकट्या माझं. मी उतरले, त्याला उभं केलं, दात मोजले, पाणी पाजलं. विषय संपला.

सध्या रजेवर आहे. खोलीही बदलतेय. माझ्या बसवरच्या कंडक्टरकडे, म्हणजे माझ्या मैत्रिणीकडे राहायला जातेय. दोघींत मिळून तीन अंगठे आहेत, स्वयंपाकाला पुरतील. नवा पत्ता पुढच्या पत्रात कळवते.

आजोबांना सांग, ब्रेक चांगले आहेत.

तुझी,
भिंगरी


१५ फेब्रुवारी

माझ्या वाघिणीला,

अगं लबाडे! "उभं केलं, दात मोजले" म्हणे! मोजले की पाडले?

मला सगळं कळलंय. शिंपीणबाईंनी माझ्या उशीची खोळ शिवून दिली ती एका पेपरात गुंडाळून. तो पेपर नेमका तुमच्या शहरातला निघाला. खोळ बाजूला ठेवली आणि वाचते तर काय, "महिला बसचालकाची मोटरसायकलस्वाराला मारहाण, अंगठा मोडल्याने संशय." बाजाराचा चौक, सात नंबरची बस, सगळं जुळलं. शेवटी एक वाकडी आकडी होती. शिंपीणबाई म्हणाल्या, ते प्रश्नचिन्ह आहे. मी म्हटलं, छापणाऱ्याचा हात घसरला असेल.

बाई गं, मला झालेला आनंद तुला काय सांगू! तो कागद घेऊन आख्ख्या गल्लीत फिरून आले. न्हाव्याला दाखवला, तेव्हा तो कुणाची तरी दाढी करत होता. त्या माणसाने अर्ध्या साबणासकट वाचला. पोस्टमनला दाखवला. दवाखान्यात माझा नंबर लागला तरी मी आत गेले नाही, कारण रांगेतल्या दोघींना अजून दाखवायचा राहिला होता.

शेवटी तू कुणाची नात! आजोबांचा उजवा अंगठा बघितलायस ना, बुडापासून बाहेर वाकलेला, किटलीच्या कानासारखा? आमच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. एक मोटरसायकलवाला ह्यांच्या बससमोर मस्ती करत होता. हे शांतपणे उतरले आणि असा एक ठोसा ठेवून दिला की ह्यांचाच अंगठा मोडला. चाळीस वर्षं मी ही गोष्ट सांगतेय, पण ह्यांना मेलं स्वतःचं कौतुक ऐकवत नाही. मी सुरुवात केली की उठून बाहेर जातात. आज तुझी बातमी वाचून दाखवली तेव्हाही उठून गेले. इतका विनयी माणूस मी दुसरा बघितला नाही.

आता एक शिकवते, नीट ध्यानात ठेव. तू मूठ वळताना अंगठा आत ठेवलास, म्हणून मोडला. अंगठा कायम बाहेर ठेवायचा, बोटांवरून आडवा. पुढच्या वेळी असं कर, म्हणजे त्याचं मोडेल, तुझं नाही.

नवा पत्ता तू कळवलाच नाहीस म्हणून हे डेपोवर टाकतेय. वर तुझं शाळेतलं नाव लिहिणार होते, पण ते लांबलचक आहे. "भिंगरी, सात नंबरची बस चालवते" एवढं पुरे. तिथे तुला कोण ओळखत नाही!

अभिमानाने फुगलेली,
आजी


२४ फेब्रुवारी

आजी, आजी, आजी,

हे काय करून ठेवलंस!

डेपोत मला भिंगरी कुणीच म्हणत नाही. ते पत्र तीन दिवस टेबलांवरून फिरलं. शेवटी कुणाचं आहे ते बघायला आमच्या कारकुनाने उघडलं. त्याने वाचलं आणि साहेबांना दिलं. साहेबांनी वाचलं आणि माझ्या फाईलला लावलं. आता तिथे माझ्याविरुद्धचा पुरावा क्रमांक चार म्हणजे तू आहेस. "पुढच्या वेळी" ह्या शब्दांखाली लाल रेघ आहे.

तुझ्यापासून लपवलं, ती माझीच चूक. आता सगळं सांगते. मी रजेवर नाही, मला बसवरून उतरवलंय. मी त्या माणसाला मारलं नाही, आजी. एका हाताने कॉलर धरून उठवलं. मागच्या प्रवाशांना फक्त कॉलर दिसली. डॉक्टरांनी लिहून दिलं की असं हाड ठोसा मारतानाही मोडतं. आणि तो मोटरसायकलवाला बिचारा प्रामाणिक आहे. म्हणतो, "फुटपाथवर पाणी पीत होतो तिथपासूनचंच आठवतं. त्याआधी मार खाल्ला असेन तर माहीत नाही."

खरं असं झालं. माझी बस जुनी, स्टिअरिंग जड. चाकावर मोटरसायकल आदळली तसं चाक फिरलं, चाकाबरोबर स्टिअरिंग गरकन फिरलं आणि मधली दांडी माझ्या अंगठ्यावर बसली. मी हे सांगितलं तर साहेब हसले. म्हणाले, "बस बारा टनांची, मोटरसायकल दीडशे किलोची, आणि मोडली कोण, तर ड्रायव्हर? उद्या डासाची धडक बसली म्हणून याल." आख्खा डेपो हसला. ड्रायव्हर सगळ्यात जास्त हसले.

बारा मार्चला चौकशीचा निकाल आहे. मारहाण धरली तर मला पुन्हा कधीच स्टिअरिंगला हात लावता येणार नाही. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही, तुला माहीत आहे.

नवा पत्ता पाकिटावर लिहिलाय. तिथेच पाठव. डेपोवर एक ओळसुद्धा नको!

भिंगरी


१ मार्च

बाळा,

तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. माझं नाव पुराव्यात लागलं तिथे मला रडू यायला लागलं, पण वाचत राहिले. "स्टिअरिंग गरकन फिरलं" इथपर्यंत आले आणि हे उठले. मी म्हटलं, आता कुठे चाललात, आज तर तुमचं कौतुक नाहीये! गेले ते गेलेच. तासाभराने आले, चपला हातात. चपला हातात घेऊन माणूस घरात येतो तेव्हा काहीतरी मोठं असतं.

म्हणाले, "मी पण मारलं नव्हतं."

मी म्हटलं, "कुणाला?"

"त्या मोटरसायकलवाल्याला. माझ्याही चाकावर आदळला होता. स्टिअरिंगनेच मोडला अंगठा."

भिंगरे, चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी ह्या बाबाच्या ठोशाची गोष्ट बारशाला सांगितली, लग्नात सांगितली, एकदा तर एकाच्या मयताला सांगितली. मी विचारलं, मग ठोसा आला कुठून? म्हणाले, "मोटरसायकलने बसवाल्याला मोडलं म्हणून डेपोतले हसतील, म्हणून तिथे जिन्यावरून पडलो सांगितलं. घरी आलो तर तू दारात. काय झालं विचारलंस. नव्या नवरीला जिन्यावरून पडलो कसं सांगू? तोंडातून निघून गेलं, एकाला ठोसा मारला. तुझं तोंड असं काही फुललं की मला पुढे बोलवेना. म्हटलं, उद्या सांगू."

हा त्यांचा उद्या.

त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही. दुसऱ्या दिवशी दिला, पण बिनसाखरेचा. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता मला हसूच फुटलं. अगं, माझं तोंड फुललेलं राहावं म्हणून हा माणूस चाळीस वर्षं दर वेळी उठून बाहेर जात होता! पावसात गेलाय, उन्हात गेलाय. मग मी साखर घालून दोन कप दिले.

आता रडत बसू नकोस. आजोबा म्हणाले, जुन्या गाडीवर अंगठा आत घालून स्टिअरिंग धरायचं नसतं, तळवा वरून टेकवायचा आणि अंगठा बाहेर, स्टिअरिंगच्या कडेवर. हे त्यांना मोडल्यावर कळलं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर कसं कळलं ते पण सांगावं लागलं असतं. नातीलासुद्धा नाही सांगितलं. हे बोलताना तो वाकडा अंगठा ते दुसऱ्या मुठीत लपवत होते. तेव्हा त्यांना रागावू नकोस, मी रागावून झालेय.

डेपोवर एक ओळसुद्धा पाठवू नको म्हणालीस. एक ओळ नाही पाठवली. चार पानं आणि एक पार्सल पाठवलंय.

आता तू मात्र काळजी करू नकोस,
आजी


१ मार्च

डेपोच्या मोठ्या साहेबांना नमस्कार.

मी पुरावा क्रमांक चार.

साहेब, पहिल्या पत्रात मी माझ्या नातीला शाबासकी दिली ती पेपर वाचून दिली. मी तिथे नव्हते. जिथे नव्हते तिथलं मी बोलले ही माझी चूक, तिला शिक्षा नको. तुम्ही पण तिथे नव्हता, पण ते जाऊ दे.

सोबत एक कागद आहे. त्यावर माझ्या नवऱ्याचा उजवा हात ठेवून मी पेन्सिलीने भोवती रेघ काढली आहे. रेघ मधे हलली आहे कारण त्यांना गुदगुल्या होतात. अंगठा बघा. तो मी वाकडा काढलेला नाही, तो तसाच आहे. तोही मोटरसायकलनेच मोडला, बसच्या स्टिअरिंगवर, चाळीस वर्षांपूर्वी. म्हणजे हे डास जुने आहेत, साहेब.

ह्यांचं म्हणणं असं आहे. तशीच एक जुनी गाडी घ्या. चालत्या माणसाच्या वेगाने न्या आणि पुढचं चाक फुटपाथच्या कडेला तिरकं धडकवा. स्टिअरिंग हातात सैल धरा, मग बघा ते काय करतं. अंगठ्याच्या जागी काय ठेवायचं ह्यावर आमच्यात वाद झाला. हे म्हणाले, लाकडी काडी. मी म्हटलं, काडी मोडली तर साहेब म्हणतील लाकूड किडकं होतं. म्हणून पार्सलात दोन गाजरं पाठवली आहेत. मी ती बाजारात ह्यांच्या अंगठ्याशी मोजून घेतली. भाजीवाली विचारत होती, काय बेत आहे?

एक गाजर दांडीशी, अंगठा येतो तिथे, बांधा. दुसरं स्टिअरिंगच्या कडेला बाहेरून बांधा. कुठलं मोडतं ते बघा आणि मग माझ्या नातीचं काय करायचं ते ठरवा. तिला लहानपणी खेळायला बाहुली दिली तर ती बाहुलीला ताटावर बसवून ताट फिरवायची आणि तोंडाने हॉर्न वाजवायची. तिच्या हातातून स्टिअरिंग काढलंत तर ती काय फिरवेल, मला सुचत नाही.

गाजरं उरली तर खा. धुतलेली आहेत.

आपली नम्र,
भिंगरीची आजी


१२ मार्च

आदरणीय आजीबाई,

आपले पत्र, हाताचे चित्र व दोन गाजरे मिळाली. प्रवासात गाजरे सुकून मऊ पडल्याने कार्यालयाने ताजी आणली. माप चित्रावरून घेतले.

आपण सुचविल्याप्रमाणे डेपोच्या आवारात सर्व चालकांसमोर चाचणी घेतली. जुन्या बसचे पुढचे चाक अतिशय कमी वेगाने कडेला धडकवले. आतल्या बाजूचे गाजर तुटून त्याचा तुकडा तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेला. बाहेरचे गाजर शाबूत राहिले. हीच चाचणी पुन्हा घेतली. निकाल तोच.

तरीही गाजर म्हणजे हाड नव्हे, असे माझे मत पडले. म्हणून तिसऱ्या वेळी मी स्वतः चालकाच्या जागी बसलो व नेहमी धरतात तसे, अंगठा आत ठेवून, स्टिअरिंग धरले.

हे पत्र मी तोंडी सांगितले असून कारकुनाने लिहिले आहे. माझ्या उजव्या हाताला तीन आठवडे विश्रांती सांगितली आहे. मी कोणालाही ठोसा मारला नव्हता, याला साठ साक्षीदार आहेत.

आपल्या नातीवरील मारहाणीचा ठपका आजच काढून टाकला आहे. हात बरा होताच त्या सात नंबरवर रुजू होतील. आपल्या पतीच्या हाताचे चित्र मोठे करून, अंगठा बाहेर कसा ठेवावा या सूचनेसह, डेपोच्या भिंतीवर लावले आहे.

आपण पहिले पत्र परत मागाल, असे नातीने सांगितले. ते फाईलला चिकटवलेले असल्याने देता येत नाही.

आपला,
डेपो व्यवस्थापक

ता. क. मी कारकून. ते पत्र मीच उघडलं होतं, आजी, माफ करा. साहेब जोरात ओरडले, पण चहा झाल्यावर हसले. दुसरं गाजर मी खाल्लं.


१३ मार्च

आजी,

परवानगी मिळाली! साहेबांनी डाव्या हाताने सही केली, मी डाव्या हाताने कागद घेतला. नंतर दोघांनाही हात मिळवायचा होता, पण कुठला ते कळेना.

तो मोटरसायकलवाला पण आला होता. साहेबांचं झाल्यावर त्याने मला विचारलं, "म्हणजे तुम्ही मला मारलं नाही, हे नक्की?" मी म्हटलं, नक्की. तर थोडा हिरमुसला. घरी सगळ्यांना सांगून बसला होता की बसवालीचा मार खाऊन आपण उभे राहिलो. त्याला अजून दुसरा बूट सापडलेला नाही.

आजोबांना माझा नमस्कार सांग. माझा राग नाही म्हणावं. भिंतीवर त्यांचा हात आता छताच्या पंख्याएवढा मोठा आहे आणि जाता-येता प्रत्येक ड्रायव्हर आपला अंगठा त्याच्याशी ताडून बघतो. जे सगळ्यात जास्त हसले होते ते सगळ्यात जास्त वेळ बघतात.

तुझी,
भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

पत्र वाचून मी इतकी हसले की शिंपीणबाई कात्री हातात घेऊनच पळत आल्या. आता त्या कात्रीची सगळ्यांनाच भीती वाटते, तेव्हा न्हावी पण आला, पोस्टमन तर दारातच होता. चार माणसं जमली म्हणून मी म्हटलं, घ्या, आजोबांच्याच तोंडून ऐका.

हे उभे राहिले. ह्या वेळी बाहेर गेले नाहीत. घसा साफ केला आणि चाळीस वर्षांचं सगळं सांगून टाकलं. चाक, दांडी, अंगठा, ठोसा नव्हता, कुणाला हात लावला नव्हता. मला तर डोळ्यांत पाणीच आलं.

तर न्हावी काय म्हणाला? म्हणाला, "आजोबा, तुमचा हा विनय म्हणजे खरंच हद्द झाली."

ह्यांनी पुन्हा सांगितलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, मोटरसायकलने कधी बसवाल्याचा अंगठा मोडतो का? आम्हाला काय कळत नाही?" पोस्टमन म्हणाला, आता वय झालं म्हणून भांडणाची गोष्ट नको वाटत असेल. मग तिघांनी मिळून ह्यांनाच समजावलं की ठोसा कसा मारला होता, कुठल्या पायावर जोर दिला होता, तो माणूस कुठे जाऊन पडला होता. एकही तपशील चुकला नाही. मी चाळीस वर्षं शिकवलंय, चुकेल कसा!

हे रागाने लाल. म्हणाले, उद्या साहेबांचं पत्र घेऊन न्हाव्याकडे जातो, त्यात गाजराचं सगळं लिहिलंय, शिक्क्यासकट. आज सकाळपासून घरभर ते पत्र शोधतायत. पेटी उघडून झाली, गादी उलटून झाली, आता पिठाच्या डब्यात हात घालतायत, वाकड्या अंगठ्यासकट.

सापडायचं नाही. कुठे ठेवलंय ते मी तुलाही सांगणार नाही. तू हल्ली फार खरं बोलायला लागलीस.

हात जप. अंगठा बाहेर.

तुझी,
आजी